पूर्णेच्या पाइंटमनसोबत जपानच्या रेल्वेत

गुरुवार : परभणी

दिवाळीची सुट्टी लागली त्याच रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. मी, माझे वडील अण्णा आणि माय. धाकटा भाऊ टोकियोत नोकरीला आहे, तो कधीपासून बोलावत होता. आम्हा तिघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास.

जायचं ठरलं तेव्हा दोघांनी एकेक अट घातली. मायची अट अशी की जपानमधल्या कोयासान या डोंगरावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, तो पाहिल्याशिवाय परत यायचं नाही. अण्णांची अट, टोकियोच्या पुढं जिथं कुठं जायचं तिथं रेल्वेनंच जायचं. अण्णा पूर्णा जंक्शनला पाइंटमन होते. मीटर गेजच्या काळात टोकनचा गोळा चामडी पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरला द्यायची आणि मागच्या सेक्शनचा गोळा त्याच्याकडून घ्यायचा, हे काम त्यांनी थंडीत, पावसात, रात्री-अपरात्री केलं. गोळा हातात आल्याशिवाय एकेरी मार्गावर ड्रायव्हरनं पुढं जायचं नाही, हा नियम. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एवढा खटाटोप. त्यामुळं रेल्वेकडं बघायची अण्णांची नजर प्रवाशाची नाही, ती कामावरच्या माणसाची आहे. या प्रवासात मला जे काही कळलं ते त्या नजरेमुळंच.

तिकिटांचा हिशोब भावानं आधीच केला होता, तो इथं देते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. परदेशी प्रवाशांसाठी जपान रेल पास मिळतो. सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. टोकियो-क्योटो, ओसाका-हिरोशिमा आणि हिरोशिमा-टोकियो अशी तिन्ही तिकिटं सुटी काढली तरी माणशी ४५,००० येनच्या आसपास होतात. शिवाय सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीला पासवर वेगळे पैसे भरावे लागतात आणि कोयासानची गाडी खासगी कंपनीची, तिथं हा पास चालतच नाही. म्हणून पास घेतला नाही. पास घेतलाच पाहिजे असं जो तो सांगतो, पण आधी कागद-पेन घेऊन बेरीज करा.

मायनं तीळ लावलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

शनिवार : नारिता, टोकियो

शुक्रवार मुंबईत आणि विमानात गेला. शनिवारी सकाळी नारिताला उतरलो. भाऊ न्यायला आला होता. तो निशिकासाईला राहतो. त्या भागात आपली माणसं इतकी आहेत की हिंगाची डबी आणि तूरडाळ सहज मिळते. जेवलो आणि झोपलो.

रविवार : टोकियो स्टेशन

निशिकासाईहून तोझाई मार्गाची गाडी पकडली. हा मेट्रोचा मार्ग असला तरी इथं रूळ पुलावरून जातात. भावानं अण्णांना मुद्दाम पहिल्या डब्यात, ड्रायव्हरच्या केबिनमागं उभं केलं. मधे काच असते, तिच्यातून सगळं दिसतं.

ड्रायव्हर तरुण होता. हातात पांढरे हातमोजे. समोरच्या पट्टीवर घड्याळ ठेवायला खोबणी, तिच्यात त्याचं खिशातलं घड्याळ बसवलेलं. शेजारी वेळापत्रकाचा लांबट कागद. गाडी सुटायच्या आधी त्यानं त्या कागदावर बोट ठेवलं, मग घड्याळाकडं बोट केलं, मग समोर बोट करून काहीतरी मोठ्यानं म्हटलं. केबिनमध्ये तो एकटा होता, ऐकणारं कुणी नव्हतं, तरी म्हटलं. पुढच्या स्टेशनाला तेच, त्याच्या पुढच्या स्टेशनाला तेच.

"बघ बाई, त्यो बोट दाखवून बोलू लालाय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "आपल्याकडं बी ड्रायव्हर अन् असिस्टंट सिग्नल मोठ्यानं बोलतेत. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं. डोळ्याला दिसलेलं तोंडातून निघालं की मग चूक होत न्हाई."

अण्णा म्हणाले ते जपान्यांनी तपासूनही पाहिलं आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली प्रयोग केला, तेव्हा साध्या साध्या कामांत बोट दाखवून मोठ्यानं म्हटल्यावर चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. ही पद्धत वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची आहे. आता यंत्रं कितीतरी पुढं गेली, पण बोट दाखवायचं त्यांनी सोडलं नाही.

ओतेमाचीला उतरून चालत टोकियो स्टेशनला गेलो. मारुनोउचीच्या बाजूची लाल विटांची इमारत १९१४ सालची. युद्धात बॉम्बनं तिचे घुमट पडले होते, ते २०१२ मध्ये पूर्वीसारखे बांधून झाले. माय त्या घुमटाखाली मान वर करून बराच वेळ उभी राहिली. अण्णांना मात्र कधी एकदा फलाटावर जातो असं झालेलं. शिंकान्सेन म्हणजे जपानची बुलेट ट्रेन. तिच्या फलाटावर नुसतं बघायला जायचं तर वेगळं स्वस्त तिकीट मिळतं, ते काढलं.

शेवटच्या स्टेशनावर गाडी येते, सगळे उतरतात आणि साफसफाईची माणसं आत शिरतात. त्यांना सात मिनिटं मिळतात. अण्णांनी हातातल्या घड्याळावर वेळ लावली. एका डब्यात साधारण शंभर आसनं. एक बाई पुढं चालत गेली, पायानं एक कळ दाबायची की आसनांची अख्खी रांग फिरून उलट्या दिशेला तोंड करायची, कारण गाडी आता परत जाणार. मग ट्रे पुसले, डोक्यामागची पांढरी कापडं पाहिली, जमीन झाडली, वरच्या फळ्यांवर कुणाचं काही राहिलं का ते बघितलं. सात मिनिटांच्या आत सगळी बाहेर येऊन रांगेत उभी राहिली आणि प्रवाशांना वाकून नमस्कार केला. मायनं हात जोडले. झाडूवाल्या माणसांना लोकांपुढं असं ताठ उभं राहिलेलं पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि का आलं ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सोमवार : टोकियो ते क्योटो

शिंकान्सेनची ही लाइन १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, ऑलिम्पिकच्या थोडं आधी. टोकियो ते शिन-ओसाका ५१५ किलोमीटर. परभणी ते मुंबई आपलं अंतर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तेवढंच. नोझोमी हे अंतर अडीच तासांच्या आत कापते. मुंबई-अहमदाबादची जी बुलेट ट्रेन बांधली जातेय ती याच तंत्रावर आखलेली, तीही ५०८ किलोमीटरचीच.

क्योटोचं तिकीट १४,००० येनच्या आसपास, म्हणजे आठेक हजार रुपये. खिडकी हवी आणि फुजी पर्वत बघायचा तर क्योटोकडं जाताना उजव्या हाताचं ई आसन मागायचं. टोकियो सोडल्यावर पाऊण तासानं, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास तो दिसतो. ढग असले तर नाही. आम्हाला दिसला, माथ्यावर थोडासा बर्फ होता. मोठ्या बॅगांचाही नियम आहे. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणारी बॅग असेल तर डब्यातलं शेवटचं, मागं जागा असलेलं आसन आधीच राखून ठेवावं लागतं. आम्ही मोठ्या बॅगा भावाकडं ठेवल्या आणि पाठीवरच्या पिशव्या घेऊन निघालो. जिने चढताना मायच्या गुडघ्यांनी त्याबद्दल आभार मानले असतील.

सोळा डबे, १,३२३ आसनं. खाडकन हिसका नाही, गडगडाट नाही. माझ्या शेजारचा जपानी माणूस सुटल्या सुटल्या डबा उघडून जेवायला लागला. शहरातल्या लोकल गाड्यांत कुणी खात नाही, पण लांबच्या गाडीत जेवणं हीच रीत. स्टेशनवर मिळणाऱ्या या डब्याला एकीबेन म्हणतात. आम्ही दशमी काढली.

अण्णा गप्प होते. मला वाटलं वेगामुळं. हामामात्सुच्या पुढं म्हणाले, "बाई, सिग्नल कुठंच न्हाई दिसला."

खरंच नसतात. एवढ्या वेगात रुळाशेजारचा दिवा ड्रायव्हरला दिसून त्यावर वेळेत काही करता येणार नाही, म्हणून किती वेगानं जायचं ते थेट केबिनमध्ये दिसतं आणि वेग जास्त झाला तर गाडी आपोआप ब्रेक लावते. भूकंपाचे पहिले हलके धक्के यंत्रांनी टिपले की वीज तोडली जाते आणि गाड्या थांबायला लागतात. रूळही वेगळे. शिंकान्सेनचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिलिमीटर, तर जपानच्या बहुतेक साध्या लाइनींचं १,०६७. आपलं मीटर गेज १,००० आणि ब्रॉड गेज १,६७६. म्हणजे या देशाची जुनी रेल्वे आपल्या मीटर गेजपेक्षा चार बोटं रुंद, एवढाच फरक. आपल्याकडं लाइन बदलायची म्हणून जुने रूळ उखडले, त्यांनी जुनी लाइन तशीच चालू ठेवून शेजारी नवी टाकली. हे ऐकून अण्णांनी परत खिडकीकडं तोंड केलं.

१९६४ पासून आजवर गाडी घसरून किंवा धडकून शिंकान्सेनमधला एकही प्रवासी दगावलेला नाही. मी हे आधी वाचलं होतं. पाइंटमनच्या शेजारी बसून त्याचा अर्थ वेगळा लागतो.

मंगळवार : होर्यूजी

क्योटोची देवळं सगळ्यांनीच लिहिली आहेत. आम्ही तिथून साध्या गाडीनं नाराला आणि नाराहून दहा-बारा मिनिटांवरच्या होर्यूजीला गेलो. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती इथं उभ्या आहेत. मला इथं यायचं होतं ते अजिंठ्यामुळं.

इथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची बोधिसत्त्वांची चित्रं होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिलेल्या कुणालाही ती घरची वाटावीत. झुकलेली मान, अर्धे मिटलेले डोळे, बोटांचा तोच डौल. ही चित्रं २६ जानेवारी १९४९ ला आगीत जळाली. त्याच वेळी चित्रकार त्यांच्या नकला करत होते. त्या धक्क्यानं जपाननं १९५० मध्ये वारसा जपण्याचा कायदा केला, आणि २६ जानेवारीला देशभर देवळांत आग विझवण्याचा सराव होतो. आता भिंतींवर आहेत त्या पुन्हा रंगवलेल्या प्रती. अजिंठा-वेरूळच्या जतनाला जपाननं कर्ज दिलं तेव्हा आपल्या लेण्यांशी यांचं काय नातं असा प्रश्न मला पडला होता. त्या अंधाऱ्या मंदिरात उभं राहिल्यावर तो उरला नाही. शाळेची सहल दरवर्षी अजिंठ्याला नेतो, यंदा मुलांना हे सांगणार आहे.

बुधवार : ओसाका ते कोयासान

या दिवसासाठी माय आली होती.

क्योटोहून ओसाका अर्धा तास, तिथून भुयारी रेल्वेनं नांबा, नांबाहून नानकाई कंपनीची कोयासानची गाडी. हाशिमोतोपर्यंत घरंच घरं. तिथून पुढं रूळ एकेरी होतो आणि गाडी डोंगरात शिरते. हजार मीटरला पन्नास मीटर चढ, एकामागून एक बोगदे, इतकी तीव्र वळणं की चाकं कुरकुरतात. वेग तीस-पस्तीसवर आला. खाली दरी, खिडकीला घासतील असे सुरूसारखे उंच सुगी वृक्ष.

मधल्या एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली. चढणारं कुणी नाही, उतरणारं कुणी नाही. अण्णा ताठ बसले. "क्रॉसिंग हाय."

समोरून खाली उतरणारी गाडी आली, शेजारच्या रुळावर थांबली. आमच्या गार्डनं फलाटाकडं बोट केलं, पुढं बोट केलं, काहीतरी म्हटलं आणि आम्ही निघालो. दोन मिनिटं लागली असतील. मनमाड-परभणी मार्गावर वाढलेल्या प्रत्येकाला एकेरी लाइनीवरचं क्रॉसिंग म्हणजे काय ते माहीत आहे. गाडी माळावर उभी असते, उकडतं, लोक खाली उतरून रुळाशेजारी बसतात, आणि एकेरी मार्ग आहे म्हटल्यावर कुणी पुढं विचारत नाही. इथं एकेरी मार्ग, वर डोंगर, आणि दोन्ही गाड्या आपापल्या मिनिटाला त्या स्टेशनावर.

"लाइन एक असली म्हणून काय झालं," अण्णा म्हणाले. "समोरचा वेळेवर आला की आपण बी वेळेवर." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आम्ही बी करत होतो. आमचं टोकन कधी उशिरा न्हाई गेलं." मी त्यांचा हात धरला. आमच्याकडं गाडी उशिरा आली की शिव्या सगळ्यांत आधी फलाटावरच्या, हिरवा-लाल झेंडा धरणाऱ्या माणसाला बसतात. लहानपणी मी त्या ऐकल्या आहेत.

गोकुराकुबाशीला रूळ संपतात. पुढं केबल कार पाच मिनिटांत सव्वातीनशे मीटर वर नेते. डब्याच्या आत जिन्यासारख्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर आसनं. वर बस.

इ. स. ८१६ मध्ये कूकाई या भिक्खूला सम्राटानं हा डोंगर दिला. आठशे मीटर उंचीवर शंभराहून जास्त विहार आहेत. त्यांचं स्वतःचं विद्यापीठ आहे, १८८६ साली सुरू झालेलं. त्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. महाराष्ट्र शासनानं दिलेला, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचं अनावरण झालं.

फुलं मिळाली नाहीत. इथं समाधीवर फुलांऐवजी कोयामाकी नावाच्या झाडाची हिरवी डहाळी वाहतात, ती दुकानात बांधून मिळते. मायनं एक घेतली. पुतळ्यासमोर डहाळी ठेवली, आणि तिघांनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. थंडी बोचत होती. अण्णांचे वडील सालगडी होते. अण्णा रेल्वेत लागले, मी मास्तरीण झाले, भाऊ इंजिनिअर. औरंगाबादच्या नागसेनवनात बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं ते १९५० साली, आणि त्याच कॉलेजात शिकलेल्या एका मास्तरांनी अण्णांना रेल्वेचा फॉर्म भरून दिला होता. हे सगळं मायनं मोठ्यानं सांगितलं, पुतळ्याकडं बघत, परभणीला जयंतीच्या सभेत सांगते तशाच आवाजात. दोन विद्यार्थी सायकलवरून जाताना थांबले आणि आमचं होईपर्यंत मान झुकवून उभे राहिले.

मुक्काम विहारातच केला. जेवणात कांदा-लसूण, मांस-मासे काही नाही. तिळाचा घट्ट टोफू आणि गोठवून वाळवलेला कोया टोफू. तिळाचा मायला फार आवडला, दोनदा विचारलं कसा करतात. पहाटे सहाला भिक्खूंचं पठण. भाषा कळली नाही, पण माय सगळा वेळ हात जोडून बसली. जमिनीवरून उठताना तिला दोघांचा आधार लागला. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची आधीच सांगून ठेवावी, देतात.

गुरुवार : हिरोशिमाकडं

दिवस गाड्या बदलण्यात गेला. शिन-ओसाकाहून पुढं गाडी तासाला ३०० किलोमीटरपर्यंत जाते, पण बोगदेच इतके की दिसत काही नाही. दीड तासाच्या आत हिरोशिमा.

शुक्रवार : हिरोशिमा

सकाळी अण्णांना घेऊन ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा या ट्राम रस्त्यावर होत्या. ९ ऑगस्टला, म्हणजे तीन दिवसांत, शहराच्या एका भागात ट्राम पुन्हा सुरू झाली. पुरुष सैन्यात गेले होते म्हणून ट्राम कंपनीच्या शाळेतल्या मुली तेव्हा ट्राम चालवत होत्या, चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या. मी नववी-दहावीच्या मुलींना शिकवते. त्यांच्या वयाच्या मुलींनी राखेतून ट्राम काढली.

त्या दिवसातून वाचलेल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या ट्राम अजून चालतात, बहुतेक सकाळच्या गर्दीच्या वेळी. आम्हाला ६५१ मिळाली. आत लाकूड, जुने पितळी दांडे, आणि ऑफिसला जाणारी माणसं. अण्णांनी दांड्याला हात लावला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

संग्रहालयात मुलांचे जेवणाचे डबे, कपडे, एक तीनचाकी सायकल आहे. त्याबद्दल इथं लिहिणार नाही, ते स्वतः जाऊन बघायचं आहे. संध्याकाळच्या नोझोमीनं टोकियो, चार तासांच्या आत.

शनिवार : ओमिया

शेवटचा दिवस अण्णांचा. टोकियोच्या उत्तरेला ओमियाला रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे, २००७ साली उघडलेलं. पहिली शिंकान्सेन तिथं आहे, सम्राटाचे डबे आहेत, लहान मुलांना चालवायला छोट्या गाड्या आहेत.

मधोमध गोल फिरणाऱ्या टेबलावर एक काळं वाफेचं इंजिन उभं आहे, सी५७ १३५. १४ डिसेंबर १९७५ ला होक्काइदो बेटावर या इंजिनानं जपानी राष्ट्रीय रेल्वेची वाफेवरची शेवटची नियमित प्रवासी गाडी ओढली. अण्णांनी वाकून चाकं मोजली. पुढं चार लहान, मधे सहा मोठी, मागं दोन. "वायपी!" ते म्हणाले. आपल्या मीटर गेजवर धावणाऱ्या वायपी इंजिनाची चाकं अगदी अशीच, त्याच क्रमानं. पूर्णेच्या लोको शेडमध्ये अशी इंजिनं उभी असायची. अण्णांनी भावाला बॉयलर कुठं, कोळसा कुठून टाकायचा, पाणी कुठून भरायचं ते एकेक दाखवायला सुरुवात केली. एक जपानी आजोबा जवळ येऊन उभे राहिले. त्यांना मराठी येत नव्हतं, अण्णांना जपानी. आजोबांनी फावड्यानं कोळसा टाकायची खूण केली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. अण्णांनी कडं वर धरायची खूण केली, हात लांबवला, पकडलं. आजोबांनी जोरजोरात मान हलवली आणि स्वतःही तसाच हात लांबवून दाखवला. त्यांच्या एकेरी लाइनींवरही असंच कडं द्यायची-घ्यायची पद्धत होती.

बाराला टेबल फिरलं, इंजिननं भोंगा दिला. तो इतका जोरात की मायनं कानांवर हात ठेवले. भाऊ म्हणाला, चला, जेवून घरी जाऊ, बॅगा भरायच्यात. तीन वाजता परत टेबल फिरतं असं त्या आजोबांनी तीन बोटं दाखवून सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "तुम्ही जेवून या. मी अन् ह्ये हितंच हाव."